धक्का बसल्यास कळवावे

भूकंपमापक यंत्राला शांत जागा लागते, आणि माणसांच्या वस्तीत तशी जागा जवळजवळ नसते. तलासरीच्या डोंगराळ पाड्यांपासून डहाणूच्या खाडीपर्यंत मी ज्या ज्या घरांत पाऊल टाकले, तिथे प्रथम कोपरे पाहिले आणि मग माणसे. घरात पिठाची गिरणी आहे का, अंगणात म्हैस बांधतात का, मागच्या बाजूला पाण्याचा पंप किती वेळ चालतो, असे प्रश्न विचारणारी मुलगी स्थळ पाहायला आली असावी, असा एका घराचा समज झाला होता. चहापोहे होईपर्यंत तो मी दूर केला नाही, कारण त्या घराचा कोपरा उत्तम होता.

यंत्र तत्त्वतः साधे असते. स्प्रिंगला टांगलेले एक वजन. जमीन हलली की पेटी हलते, वजन मात्र जडत्वामुळे क्षणभर मागे राहते. त्या मागे राहण्याची नोंद म्हणजे आमचे शास्त्र. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात काही वर्षांपासून लहान लहान भूकंप थव्याने येतात. आधी जमिनीखालून दूरच्या सुरुंगासारखा आवाज, मग भांड्यांची किणकिण, कधी भिंतीला नवी भेग. हे कुठून येतात आणि किती खोलवरून, हे शोधणे माझे काम. लोकांना हवे असते ते वेगळेच उत्तर: पुढचा कधी? त्याचे उत्तर जगात कोणाकडेच नाही, हे सांगताना समोरच्याच्या चेहऱ्यावरचा माझ्या पदवीविषयीचा आदर कसा उतरत जातो, ते मी अनेकदा पाहिले आहे.

गंजाडचे लक्ष्मणकाका याला अपवाद. त्यांच्या ओसरीवर आमचे यंत्र होते आणि ते त्यांनी घरातल्या आजारी माणसासारखे सांभाळले. पुतण्याच्या लग्नात वाजंत्री दाराशी येऊ लागली, तेव्हा काका हात पसरून आडवे उभे राहिले. "लांब वाजवा! यंत्र झोपलाय." वरात शेताच्या बांधावरून वळवली गेली. नवरीकडच्यांना आजतागायत वाटते, की त्या घरात कुणी फार आजारी होते.

पण यंत्र कधीच झोपत नाही, आणि मला या कामात पहिल्यांदा थक्क केले ते याच गोष्टीने. भूकंप नसतानाही त्याची रेषा सरळ नसते. रेल्वे गेली की ती फुगते. फुगे बनवणारे कारखाने सुरू झाले की तिच्यावर बारीक काटे उमटतात. हे सारे वजा केले, तरी खाली एक संथ, न थांबणारे उचंबळणे उरते. तो समुद्र. दूरवर लाटा एकमेकींवर आदळतात, तो भार तळाच्या खडकाला कळतो आणि खडक तो आत, शेतांखालून, डोंगरांखालून नेतो. समुद्र कधीच न पाहिलेल्या पाड्यावरच्या चुलीखालची जमीनही त्याच्या तालावर हलत असते. हे पुस्तकात वाचले होते. लक्ष्मणकाकांच्या ओसरीवर बसून ते पडद्यावर पाहिले, तेव्हा मी खाली वाकून जमिनीवर तळहात टेकवला.

डहाणू हे गाव समजून घ्यायला मला या यंत्राचाच उपयोग झाला. डहाणू दोन आहेत. एक खाडीकडचे जुने, जिथे किल्ला आहे आणि जिथून कधीकाळी इमारती लाकूड आणि गवत गलबतांत भरून जात असे. दुसरे स्टेशनाकडचे, रेल्वे आली म्हणून उगवलेले, दुकानांचे, मराठी-गुजराती-हिंदी एकाच वाक्यात बोलणारे. रेल्वेने गावाचे तोंड समुद्राकडून पूर्वेकडे फिरवले. चिकूच्या वाड्या मधे उभ्या राहिल्या. स्टेशनाकडच्या यंत्रावर गाडी मोठी दिसते आणि समुद्र लहान. खाडीकडच्या यंत्रावर उलट. गावाने पाठ फिरवली म्हणून समुद्राने गाव सोडलेले नाही, हे आमच्या रेषांवर रोज लिहिले जाते.

खाडीकडचे यंत्र धाकटी डहाणू या मच्छीमारांच्या वस्तीत, जमनामावशींच्या घरी होते. जमनामावशी मासळी विकणाऱ्या बायकांच्या पुढारी. त्यांचे धाकटे दीर रामदास तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. मी पहिल्यांदा पेट्या उतरवल्या तेव्हा वस्तीतले वातावरण गोठले होते. जवळच वाढवणला मोठे बंदर होणार म्हणून सारा किनारा अस्वस्थ, आणि कुणीही अनोळखी माणूस उपकरण घेऊन आला की तो बंदराचाच. मावशींनी माझी सविस्तर उलटतपासणी केली आणि दारातल्या गर्दीला निकाल ऐकवला. "बंदराची नाय ही. भूकंपाची हाय." गर्दी पांगली. भूकंप त्यांना तुलनेने निरुपद्रवी वाटला असावा.

यंत्राच्या पेटीवर, सर्व ठिकाणी लावतो तसा, एक कागद चिकटवला होता: 'धक्का बसल्यास कळवावे', खाली माझा फोन. लोकांना काय जाणवले याची माहिती आम्हाला यंत्राइतकीच लागते.

पावसाळा उताराला लागला होता. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, होड्यांना रंग लागत होता. एका दुपारी फोन आला.

"मॅडम, जमनाबाय बोलते. धक्का बसला."

मी वही ओढली. "मी अश्विनीच बोलतेय मावशी. कधी बसला?"

"हे काय, आज बगितला तं बसलेला."

"जोरात बसला का?"

"जोरात कशाला? हळूहळू बसला. पावसाळाभर बसत होता."

"पावसाळाभर?"

"मग? पण चांगला बसला, हां. सगळी खूश हायेत."

मागे बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मग लाइन तुटली. मी नोंदी तपासल्या. रेषेवर समुद्र होता, गाडी होती, बाकी काही नव्हते. यंत्राला न जाणवलेला, पावसाळाभर चाललेला आणि ज्याने लोक खूश झाले असा भूकंप माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. नियमाप्रमाणे मी 'धाकटी डहाणू: जाणवल्याची सूचना, यंत्रावर पुष्टी नाही' अशी नोंद केली. नियमाप्रमाणेच ती तालुक्याला गेली.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तालुक्याचे अभियंते माझ्या आधी आले होते. होड्या लागण्यासाठी खाडीत आतवर बांधलेल्या दगडी धक्क्याच्या तोंडावर त्यांनी लाल फीत बांधली होती आणि सारी वस्ती फितीच्या अलीकडे जमली होती.

तेव्हा मला उलगडले. 'धक्का' म्हणजे माझ्यासाठी हादरा. त्यांच्यासाठी, होड्या लागतात तो. आणि 'बसणे' म्हणजे खाली जाऊन पक्के होणे.

हा धक्का कुठल्या ठेकेदाराने बांधलेला नाही. खाडीच्या चिखलावर तो उभा आहे, आणि चिखल भार आला की दबतो, त्यातले पाणी निघून जाते, दगड खाली जातो. म्हणून धक्का फार खाली गेला, की वस्तीतले प्रत्येक घर उन्हाळ्यात डबर आणते आणि वर नवा थर रचते. त्यावर आणखी दगडांचा ढीग वजन म्हणून ठेवतात आणि पावसाळाभर तसाच सोडतात. मोसमाआधी ढीग उतरवून पाहायचे. आणखी खाली जात नसेल, तर धक्का 'बसला'. मग त्यावर होड्या लावायच्या. मऊ मातीवर आधीच भार ठेवून तिला दाबून घेण्याची ही रीत अभियांत्रिकीच्या पुस्तकांतही आहे. मी ती परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. मावशींनी कागद वाचला होता आणि कागदाच्या आज्ञेनुसार आनंदाची बातमी कळवली होती.

मी अभियंत्यांना सगळे समजावले. ते हसले, आम्हीही हसलो, आणि रामदासभाऊ फीत सोडायला पुढे झाले.

"थांबा," अभियंते म्हणाले. "शब्दाची चूक झाली, कबूल. पण ही भेग शब्दाची नाही."

धक्क्याचा समुद्राकडचा भाग, त्याचे टोक, उरलेल्यापासून एका आडव्या भेगेने वेगळे झाले होते. भेग ताजी होती. आतल्या दगडांवर शेवाळ नव्हते. भूकंपाने नव्हे, तर मग कशाने? चुकीच्या कारणासाठी आम्ही बरोबर जागी येऊन उभे होतो.

"ते टोक बंद केलं तं आमी मेलो," मावशी शांतपणे म्हणाल्या, आणि मला नकाशावरून कधी कळले नसते ते समजावले. ओहोटीला खाडीचे पाणी इतके उतरते, की होडी फक्त टोकालाच लागू शकते. टोक नसेल तर भरतीची वाट पाहायची. तोवर मासळी होडीतच. बर्फ पाणी होणार, बाजार उठून जाणार. तसे झाले तर तांडेल दुसऱ्या बंदरात मासळी उतरवतील, आणि तिथे मासळीची पाटी लावायला या बायकांना कोण जागा देणार?

अभियंते म्हणाले, मॅडमनी खाली काय आहे ते तपासून लिहून द्यावे. टोक भक्कम असेल तर फीत काढू. वस्तीने एकदम माझ्याकडे पाहिले. मोसम तोंडावर होता.

जमिनीच्या आत पाहण्याची आमची पद्धत ऐकायला ओबडधोबड आहे. लोखंडी पाटा ठेवायचा, त्यावर घण मारायचा. हादऱ्याची लाट दगडातून वेगाने जाते, चिखलातून रेंगाळते. ओळीने मांडलेली छोटी उपकरणे ती कधी पोचली हे टिपतात, आणि त्यावरून खालचे थर गणिताने उभे करता येतात. घण रामदासभाऊंनी घेतला.

"मला वाटायचा, शिकलेली माणसं पेनानं काम करतात," ते म्हणाले.

"पेन नंतर. आधी मारा."

प्रत्येक घावाच्या वेळी संपूर्ण शांतता हवी होती. वस्तीने ती पाळली, एक मंदाताई सोडून. मंदाताई पापलेट विकत आणि त्यांचा आवाज स्टेशनापर्यंत पोचतो असे म्हणतात. "मार रे, मार! तुटला तं हिच्या पगारातून घेऊ!" प्रत्येक वेळी घाव पुन्हा मारावा लागे. शेवटी मावशींनी त्यांच्या तोंडात पान कोंबले आणि माझी नोंद स्वच्छ झाली.

संध्याकाळी मावशींच्या ओट्यावर मी चित्र उघडले. आतापर्यंत मी पृथ्वीच्या पोटातली बरीच चित्रे पाहिली होती. त्यांतली काही छापूनही आली. पण असे कधी पाहिले नव्हते. पाण्यावर दिसणारा धक्का म्हणजे केवळ वरची साल होती. तिच्याखाली आणखी एक धक्का होता, त्याखाली आणखी एक, एकात एक रुतलेले. उंचीपेक्षा खोली जास्त. ज्या ज्या पिढीने वर उभे राहून मासळी उतरवली, तिच्या पायाखालचा दगड चिखलात गेला होता आणि पुढच्या पिढीचा भार घेऊन तिथेच थांबला होता.

रामदासभाऊंनी पडद्यावर बोट ठेवले. "ह्यो आमचा. ह्यो बापाचा, तवा मी पोर होतो."

"ह्यो सासऱ्याचा," मावशी म्हणाल्या. "त्याचे वर चुना होता. सासू सांगायची, गलबतं लागायची."

"आणि हा?" मी खालच्या पट्टीकडे बोट दाखवले. तिथे लाटेचा वेग दगडाचा नव्हता, चिखलाचाही नव्हता. लाकडाचा असू शकेल.

मावशी हळूच म्हणाल्या, "म्हणतात, पयली होडीच बुडवली होती. दगड भरून."

मी अहवालात 'होडी' लिहिले नाही. लिहिण्याइतका पुरावा नव्हता. पण किल्ल्यावर कुणाचे राज्य आले आणि गेले हा इतिहास पाट्यांवर वाचता येतो. या गावाचा दुसरा इतिहास पाठ्यपुस्तकात नव्हता, पाटीवर नव्हता, तो इथे उभा होता आणि अजून वजन पेलत होता. माझ्या हातातली चहाची बशी मी जपून खाली ठेवली.

आणि मग चित्राचा उरलेला भाग दाखवावा लागला. टोकाच्या खाली थर होते, पण थरांखाली जिथे दाबलेला चिखल हवा होता, तिथे लाट जवळजवळ हरवत होती. खाडीच्या प्रवाहाने बाजूने चिखल खरवडून नेला असावा. दगड एकमेकांना धरून होते, पण खाली त्यांना कुणी धरलेले नव्हते. हा धोका वरून वजन ठेवून कळण्यासारखा नाही, आणि माझे गणितही अशा पोकळीत डळमळते. म्हणून दुसऱ्या दिवशी ओहोटीला रामदासभाऊंनी होडी टोकाशी नेली आणि लांब बांबू थरांखाली सारला. तो कशालाही न अडता आत गेला. त्यांनी तो बाहेर काढला, पुन्हा दुसरीकडे सारला, आणि मग माझ्याकडे न पाहता होडी वळवली.

मी आमच्या संस्थेतल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "दिसतं तेवढंच लिही. कधी पडेल ते लिहू नकोस. आपल्याला माहीत नाही."

देवळापुढच्या ओट्यावर सभा झाली. पहिला प्रश्न अपेक्षित तोच.

"कधी पडंल?" मंदाताई.

"सांगता येत नाही. उद्या, किंवा तुमच्या नातवंडांच्या काळात."

"मग नातवंडं बगतील! आमचं आजचं काय? उन्हात म्हावरं सडवायचं?"

"ताई, तुमचं नुकसान होणार हे मला दिसतंय. पण खाली काही नाही."

"इतकी वर्सं उभा हाय तो! तू आल्यावर पडाया लागला?"

कुणीतरी हसले. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली, कारण माझ्याजवळ तारीख नव्हती आणि तारखेशिवाय माझे म्हणणे कुणी का ऐकावे, हे मलाही पटवून देता आले नसते. मावशी इतका वेळ बोलल्या नव्हत्या. त्यांनी मला विचारले, "ओहोटीला, भरल्या पाट्या घेऊन बायका उभ्या असताना, तू उभी राहशील तिथं?"

"नाही."

"संपलं मग." त्या उठल्या. "टोक बंद. भरतीला आत लावायच्या होड्या. मोसम संपला का दगड काढून दुसरीकडं घालू. हिचं चित्र हाय, चिखल कुठं घट्ट हाय ते बगू."

पौर्णिमेला नारळ वाहिला गेला, होड्या गेल्या. आठवड्याने पहिल्या होड्या परतल्या त्या नेमक्या ओहोटीत, भर दुपारी. खाडीच्या मधोमध, हाताच्या अंतरावर म्हणावे इतक्या जवळ, त्या मासळीसह थांबल्या. धक्क्याच्या आतल्या भागावर बायका दाटीवाटीने उभ्या, समोर फितीपलीकडे टोक रिकामे. टोकाची हालचाल टिपायला भेगेच्या अलीकडे लावलेले उपकरण तपासायला मी आले होते आणि जे ऐकायचे ते सर्व ऐकत होते.

"बोलव तुझ्या यंत्राला. म्हणावं, होडी ओढ!"

मंदाताईंनी सकाळीच फितीखालून टोकावर जाऊन जागा धरायला पाटी ठेवली होती, अशी कुजबूज होती. होड्यांवर ऊन तापत होते. रामदासभाऊ होडीत उभे राहून आमच्याकडे पाहत होते आणि मी दुसरीकडे पाहत होते.

आधी आवाज आला नाही. टोकाजवळच्या पाण्याचा रंग बदलला, एवढेच मला दिसले. मग भेग रुंद झाली, हळूच, दार उघडावे तशी. टोक अख्खे, सरळ, कुठेही न तुटता खाली जाऊ लागले, आणि मग कलले, आणि मग थर सुटले. सर्वांत वरचा डबर, त्याखालचा चुन्याने पांढरा झालेला दगड, त्याखाली काळे, लांबट, वाकलेले काहीतरी क्षणभर पाण्याबाहेर आले आणि गेले. मोठा आवाज त्यानंतर झाला. खाडी उसळून आमच्या पायांवरून गेली. चिखलाच्या वासाने श्वास कोंडला.

कितीतरी पिढ्यांनी वाहिलेला दगड होता तो. नंतर मी मावशींच्या घरातल्या यंत्राची नोंद पाहिली. एक लहानसा ठिपका. मालगाडी जाते तेव्हा याहून मोठा उमटतो. समुद्राची रेषा त्याच्याखालून न अडखळता पुढे गेलेली.

पण हे नंतर. त्या क्षणी गढूळ पाणी खळबळत होते, होड्या हेलकावत होत्या आणि टोकावर कुणी होते की नव्हते, हे कुणालाही सांगता येत नव्हते. मावशी गर्दीतून पुढे आल्या आणि पाण्याकडे पाठ करून एकेक नाव घेऊ लागल्या.

"हिरा!"

"हाय!"

"शेवंता!"

"हाय!"

"पार्वती!"

"हाय, हाय!"

"मंदा!"

कुणी बोलले नाही.

"मंदा!"

रामदासभाऊंनी होडीतून पाण्यात उडी घेतली होती.

"मंदा गो!"

"हाय ना!" गर्दीच्या अगदी मागून आवाज आला, नेहमीपेक्षा पुष्कळच बारीक. "मेली नाय अजून. पाटी गेली माझी."

कुणीतरी हसायला लागले आणि त्या हसण्याचे रडणे झाले. मावशी नावे घेतच राहिल्या, बायका उत्तरे देत राहिल्या. मी गेलेल्या टोकाच्या जागी नजर लावून उभी होते. तिथे आता फक्त खाडी होती, जणू कधी दुसरे काही नव्हतेच. खांद्याला कुणाचा तरी ओला हात लागला. मंदाताई होत्या.

"अगो, तुला बोलवतेय ती. कवापासून."

मी वळले. मावशी थेट माझ्याकडे पाहत होत्या.

"अश्विनी!"

"हाय," मी म्हणाले.